शंख वाजायच्या आत

फिलिपो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि सबंध सवाईई बेटावर त्याच्या हाताला तोड नव्हती. बोलण्याचं मात्र विचारू नका. लोसा ऑकलंडला निघाली तेव्हा तिला ‘थांब, माझ्याशी लग्न कर’ म्हणायचं राहिलं, ते राहिलंच. चाळीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, नर्सची नोकरी संपवून ती एकटीच परतली आणि समोरच्या घरात राहायला आली. तरी गड्याच्या तोंडून शब्द फुटेना.

बिघाड जिथे सुरू झाला तिथेच पाना लावावा, हा त्याच्या धंद्यातला नियम. राजधानीत, आपियाला, नुकतंच काळयंत्र आलं होतं. हव्या त्या दिवशी, हव्या त्या जागी, वीस मिनिटं. त्याने लोसा निघण्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ मागितली, कारण तेव्हा ती हमखास घरी असणार. का असणार, याचा विचार या शहाण्याने केलाच नाही.

तो गावच्या रस्त्यावर उतरला आणि रोजच्या सायंप्रार्थनेचा शंख झाला. त्या वेळी कुणी चालायचं नाही की बोलायचं नाही, घरातल्यांनी घरात आणि रस्त्यावरच्यांनी असेल तिथे खाली बसायचं. फिलिपोही मुकाट बसला. दहा पावलांवर, भिंती नसलेल्या घरात लोसा बसली होती, वीस वर्षांची. तिने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. तो नुसता हसला. सुटकेचा शंख व्हायच्या आधीच त्याची वीस मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पडेल चेहऱ्याने आपियाहून गावी परतला. लोसा दारात चटईवर बसून झावळीची टोपली विणत होती.

“काय रे, आलास जाऊन?”

“तुला कसं कळलं?”

“तेव्हा रस्त्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवरची खूण मी ओळखणार नाही? माडावरून पडलास तेव्हा पट्टी मीच बांधली होती. म्हटलं, हा बाबा म्हातारा होईस्तोवर बोलत नाही. मग गेले निघून.”

“आणि परत का आलीस?”

“भाचीने तुझा फोटो पाठवला. केस अगदी त्या संध्याकाळी पाहिले तेवढेच पांढरे झाले होते.”

फिलिपोला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात चर्चच्या बाजूला शंख घेऊन निघालेला माणूस त्याला दिसला.

“लोसा, लग्न करशील माझ्याशी?” तो एका दमात म्हणाला.

शंख वाजला. लोसाने डोळे मिटले, हात जोडले आणि चटईवर सरकून त्याला जागा दिली.