काचेचा पाइप वाढला

दौंडजवळच्या एका अ‍ॅसिडच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. तिथल्या पाइपांत गाळ साचायचा आणि माझ्या डोक्यात किस्से. गाळ निदान अधूनमधून काढायचे.

अ‍ॅसिड लोखंडी पाइप खाऊन टाकायचं. गळती लागली की फिटर सखाराम खाली शिरायचा आणि हात भाजून घ्यायचा. म्हणून साठीचं दशक संपता संपता साहेबांनी फायबरग्लासचे पाइप मागवले. नावात ग्लास, म्हणून सगळे म्हणायचे काचेचा पाइप.

*

दौंड स्टेशनवर रसूलभाई मुकादमांनी माल उतरवला. हमालांना दम दिला, "काच हाय, नवरीवानी आणा." आणि स्वतःच पाइपासकट घसरून पडले. पाइपाला ओरखडाही नाही, रसूलभाईंचा गुडघा मात्र टम्म. उठताना म्हणाले, "काच शाबूत हाय. माझंच पॅकिंग कमी पडलं."

*

आमचे गेटवाले आप्पा वडगाव रासाईचे. त्यांनी पाइपाच्या अंगाला नाक लावून बराच वेळ बघितलं. "पल्याडचं कायबी दिसत न्हाई. सायेब, तुमाला फसवलं."

*

सखारामनं जोड भरायला रेझिन कालवलं आणि चहाला गेला. परत येतो तर मगात काडी उभी आणि रेझिनचा दगड झालेला. "हिराचं पिठलंसुदिक एवढं घट्ट हुत न्हाई," तो म्हणाला. त्याची बायको हिराबाई मागंच झाडत होती. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसती भाकरी आली. भाजी मी दिली.

*

साहेबांनी बजावलं होतं, "गरम पाण्याच्या ट्रायलमध्ये फुटला, तर परत लोखंडी." सखारामच्या हातावरचे डाग रोज बघणाऱ्या हिराबाईनं सकाळीच पाइपाला हळदकुंकू वाहिलं. मलाही धाकधूक होती, सखाराम माणूस फार गुणी होता.

पाणी सोडलं. साहेब मद्रासचे, मराठी नुकतेच शिकलेले. ते ऑफिसात चहा घेत होते. थोड्या वेळानं हिराबाई दारात आली. तिच्या लेखी काच म्हणजे बांगडीच. हळू आवाजात म्हणाली, "सायेब, पाइप वाढला."

साहेब खूष झाले. "गरम पाण्यानं वाढणारच, बाई. पुस्तकात आहे तसं. पाइप पास! आता लोखंडी नको."

हिराबाईनं पदर सावरून हात जोडले.

"मंग खाली लावलेली बादली भरलीया, ती कुठं वतू?"