यांच्या तोंडातलं नाव

आमचे हे, म्हणजे दिनानाथ, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतात. पूर्वी भारी तापट. आमटीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे. मग कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी यांना जप शिकवला. राग आला की रामाचं नाव घ्यायचं, उतरेपर्यंत घेत राहायचं. राग उतरला, पण नाव काय थांबलं नाय. आता जेवताना, गाडी पुसताना, मी बोलत असतानासुद्धा यांचे ओठ हलतच असतात. शेजारणी म्हणतात, अनिता, नशीब काढलंस गो. माझा मात्र नुसता जळफळाट होतो.

का, ते सांगते. एकदा यांना विचारलं, "एवढा जप करून मिळतं काय तुम्हाला?"

"नाव घेतलं की तो जवळ हाय असं वाटतं," हे म्हणाले. "कुणी मायेने आपल्याला नावाने हाक मारली, तर आपण वळून बघतो ना? तसंच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लेकीचं लग्न झालं तरी या माणसाने मला कधी नावाने हाक मारलेली नाय. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नायत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी आपली 'अगो', नायतर 'प्रणिताची आई'. रांधायचं-वाढायचं मी, आणि दिवसभर हाका त्या रामाला. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. देवाचं काय करू?

गेल्या महिन्यात पेणला निघालो, रामवाडीत प्रणिताकडे. नागोठण्याला एसटी थांबली, तशी मी बाटली भरायला नळावर उतरले. कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून हे ओरडायला लागले, "अगो! ए अगो!" नळावरच्या सगळ्या बायका वळल्या. मी मुद्दाम वळले नाय. म्हटलं, आज नावाने हाक मारल्याशिवाय चढायचंच नाय. गेली एसटी तर गेली.

"काका, मावशींचं नाव काय?" कंडक्टर वैतागला. हे घुटमळले, मग त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. आणि तो परका माणूस स्टँडभर ओरडला, "ओ अनितामावशी, चला!" बायका हसल्या. मी गुमान चढले, पण डोळ्यांत पाणी आलं.

"त्याला सांगता येतं, मग मला हाक मारायला काय झालं?" जागेवर बसत मी विचारलं.

"चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे… लाज वाटते गो."

"रामाचं घेताना नाय वाटत ती?"

हे खिडकीबाहेर बघत बसले. थोड्या वेळाने ओठ हलायला लागले. झालं सुरू यांचं परत, म्हणून मी तोंड फिरवलं ते पेण येईपर्यंत.

रामवाडीला उतरलो. स्टँडवर ही गर्दी. हे माझ्याजवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अनिता, पिशवी दे इकडे."

मला लख्ख ऐकू आलं होतं. पिशवी घट्ट धरून मी म्हटलं, "ऐकू नाय आलं. परत म्हणा."