आमची आळी विमानतळावर बसली होती

युरोपातल्या मारियामातेच्या देवळांचे फोटो अजून माझ्या कपाटात आहेत. पण खरं सांगू? त्यातलं कुठलं देऊळ कुठलं, हे मला आता विचारू नका. जाताना वाटेत आखातातल्या ज्या विमानतळावर आम्ही अख्खा दिवस काढला, तिथला तपकिरी गालिचा आणि हाडं गोठवणारा तो एसी मात्र आजही डोळ्यांपुढे येतो. यात्रा कसली, माझ्या लेखी तो दिवस म्हणजेच यात्रा.

वटार गावातल्या आमच्या आळीतली झाडून सगळी घरं कुलपं लावून निघाली होती. मी लग्न होऊन उमेळ्याला गेलेली, पण आईबरोबर कुणीतरी हवं म्हणून माहेरच्या गोतावळ्यात घुसले. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईच्या अंगावर काळी साडी होती. एजंटने दोन रस्ते सुचवले होते, एक सरळ आणि एक हा, मध्ये दिवसभर थांबायचा. आईने हट्टच धरला की जाईन तर याच वाटेने. त्या शहरात माझा धाकटा भाऊ नोकरीला होता. बाबांच्या मातीला तो आला नव्हता. कंपनीने सोडलं नाही म्हणाला, आणि नंतर फोनवरही तुटक-तुटक बोलायचा. आईला एकदा त्याचं तोंड बघायचं होतं, बस्स. आळीने काही कुरकुर न करता लांबचा रस्ता कबूल केला. आता तशी आळी कुठे राहिली? अर्ध्या घरांच्या जागी बिल्डिंगी आल्यात, माणसं लिफ्टमध्ये भेटली तर भेटली.

पण आमचा शहाणपणा बघा. आमच्याकडे रीत अशी की आपलं माणूस आपल्या गावावरून जाणार असेल तर डबा घेऊन एसटीच्या थांब्यावर उभं राहायचं. गाडी घटकाभर थांबते, खिडकीतून डबा आत जातो, चार शब्द होतात. आईच्या लेखी विमानतळ म्हणजे मोठा थांबा. आणि आईचं सोडा हो, मी चांगली शाळेत शिकवणारी, माझ्याही टाळक्यात आलं नाही की व्हिसाशिवाय आपल्याला बाहेर सोडणार नाहीत आणि तिकिटाशिवाय त्याला आत घेणार नाहीत. अख्ख्या आळीत एकाच्याही नाही!

उतरल्यावर काउंटरवरच्या मुलीने ते गोड हसून सांगितलं. मी भावाला फोन लावला. तो सुट्टी टाकून सकाळपासून बाहेर येऊन उभा होता. आईने फोन हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "कुठे आहेस? मला दिसशील का रे कुठून?" तो म्हणाला, "थांब, काहीतरी करतो," आणि फोन बंद.

मग आम्ही काय करणार? खुर्च्या सरकत नव्हत्या, म्हणून बायकांनी गालिच्यावरच चादरी अंथरल्या. सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी निघाली, उकडलेली अंडी निघाली. एकीने सुक्या बोंबलाची चटणी उघडली आणि शेजारी बसलेला सुटाबुटातला माणूस बॅग उचलून चालता झाला. "बरं झालं, जागा झाली," म्हणत काकी तिथे ऐसपैस बसल्या. या काकी आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. कुणी पत्ते काढले, कुणी घोरायला लागलं. गावात एवढ्यात टीव्हीपायी कुणी कुणाच्या ओट्यावर बसेनासं झालं होतं, इथे मात्र जुनी आळी पुन्हा जमली. आई तेवढी दाराकडे तोंड करून बसली होती.

दुपार कलली आणि तो आला. हो, आत! मुंबईचं संध्याकाळचं तिकीट काढून आला होता. खोलीवरच्या पोरांनी त्याला युक्ती सांगितली होती की तिकीट काढायचं, आत शिरायचं, आईला भेटायचं आणि विमानात न चढता तसंच मागे फिरायचं. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मी मात्र बोलले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळी आळी जाणते. "आज बरी युक्ती सुचली! बाबांच्या वेळी कुठे गेली होती?"

काकी मला "गप गं" म्हणाल्या, पण तो म्हणाला, "बोलू दे ताईला. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली होती मला. पण माती होऊन गेली होती. मग येऊन काय तोंड दाखवणार होतो?"

आईला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

काका, म्हणजे काकींचे यजमान, हातातले पत्ते ठेवून उठले आणि त्याच्या शेजारी येऊन बसले. आमच्यात मातीनंतर लोक घरी येऊन बसतात, गेलेल्या माणसाचं बोलतात, रोझरीची प्रार्थना म्हणतात. भावाच्या वाट्याला ते आलंच नव्हतं. काकांनी सुरुवात केली. बाबांनी शेवटी काकींकडे पेज मागितली, दोन घोट घेतले, "मीठ कमी आहे," म्हणून काकींवर चिडले. कुणीतरी हसलं. मग एकेक जण सांगू लागला. खांदा कुणी दिला, घंटा कशी वाजली, फादर काय बोलले. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मग काकींनी हळू आवाजात रोझरी सुरू केली आणि सगळ्यांनी मागून म्हटली. माणसं ट्रॉल्या ढकलत आमच्या बाजूने जात होती, आमचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

रोझरी संपल्यावर आईने विचारलं, "तुझं हे विमान मुंबईलाच जातंय ना? मग मागे कशाला फिरतोस? घरी जा."

"कुणाला तोंड दाखवू, आई?"

"अरे येड्या," काकी म्हणाल्या, "आळी सगळी इथे बसलीय. तिथे आहे कोण तुला बघायला? माझ्या कोंबड्या?"

सगळे खो-खो हसले. तोही हसला, नाक पुसत. त्याच्याकडे सुट्टीचे तीन दिवस होते. आम्ही परतायच्या आत त्याला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणजे आई आणि तो घरी भेटणार नव्हते. हे दोघांनाही कळत होतं. चार वर्षांनी हाताला लागलेलं पोर आईने आपण होऊन उठवलं, कमरेच्या पिशवीतली घराची चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी कबरीवर बाबांकडे जा. मग घरी." त्याचं विमान आमच्या आधी सुटलं. तो चढला की मागे फिरला, कळायला मार्ग नव्हता. फोन लागत नव्हता.

युरोपात उतरून आम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी उभे होतो. मी मोबाईल चालू केला आणि तो वाजलाच. भाऊ होता. मी आईच्या कानाला लावला. त्याचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होतं.

"आई, बाबांकडे जाऊन आलो. आता दार उघडलंय. बाबांचा शर्ट अजून खुंटीलाच आहे गं..."

आणि मग तो लहानपणी रडायचा तसा मोठ्याने रडायला लागला. आई तिथेच बॅगांच्या गर्दीत एका हाताने माझा दंड धरून उभी राहिली.

"रड, पोरा," ती म्हणाली. "पोटभर रड. मी फोन ठेवत नाही."

आमच्या बॅगा पट्ट्यावर फिरून फिरून येत होत्या. आळीतल्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या आणि कुणीही चला म्हणालं नाही.