असुराच्या आईचं हसू

माझं हसणं मोठं आहे. लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हा एकदा मोकळेपणानं हसले, तर शेजारची बाई दारात येऊन विचारायला लागली, "काय पडलं ओ?" ते खालच्या आवाजात सुरू होतं, वर चढत जातं आणि शेवटी श्वास आत घेताना घुर्रर्र असा एक आवाज निघतो. तो माझ्या हातात नाही. आमच्या ह्यांना आता सवय झाली आहे. पाहुण्यांपैकी कुणी विनोद सांगायला लागलं, की ते आधी उठून खिडकी लावून येतात.

दिवाळीत माझी पुतणी सुट्टीला आली होती. ती पुण्याला कार्टूनचे पिक्चर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चकल्या पाडत होतो आणि बाहेर हे मोबाईलवर बोलत होते. पलीकडे कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई होती आणि हे तिला सांगत होते, "नको ओ ताई, रिंगटोन नको. तुम्ही जेवलासा का?" बाई थांबेना, हे तिला जेवायला लावायचं सोडेनात. मी चकलीचा सोऱ्या टाकून हसत सुटले. पुतणीनं पिठाच्या हातानं मोबाईल काढला.

"काकी, परत एकदा हसा."

"ठरवून हसायला मी काय नाटकात हाय?" म्हणाले आणि त्यावरच पुन्हा हसले. तिला हवं ते मिळालं.

पुढं काही महिन्यांनी तिचा फोन आला. "काकी, तुमचं हसू पिक्चरमध्ये घेतलंय. आपल्या देवीचा पिक्चर हाय. देवीची आणि असुराची गोष्ट."

कुणाच्या तोंडी घेतलंय, हे मी विचारलं नाही. देवीच्या पिक्चरमध्ये हसणार कोण? देवीच. इतका साधा हिशेब मी केला आणि त्याच संध्याकाळी भजनी मंडळात सांगून मोकळी झाले. शिवाजी पेठेत एखादी गोष्ट अकरा बायकांना सांगितली, की बाराव्या माणसाला सांगायची गरज राहत नाही. सकाळी दूधवाला म्हणाला, "देवीचा आवाज तुमचा हाय म्हणं!"

पिक्चर लागला तसं मंडळाचं ठरलं, तीनच्या खेळाला सगळ्यांनी जायचं. आमच्या मंडळाच्या प्रमुख बाईंना आम्ही अक्का म्हणतो. सत्तरी ओलांडली आहे, पण भजनात कुणाचा टाळ चुकला तर मान न वळवता त्यांना कळतं, कुणाचा चुकला ते. त्या मुद्दाम माझ्या शेजारी बसल्या. अंधार झाल्याबरोबर त्यांनी पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. त्यांचं बघून आमच्या सगळ्या रांगेनं काढल्या.

गोष्ट आमच्याकडं पोराटोरांना पाठ आहे. असुर माजतो, देवी त्याला मारते, आणि मरताना तो वर मागतो, या गावाला माझं नाव राहू दे. देवी म्हणते, राहील. म्हणून कोल्हापूर. तेव्हा शेवट काय होणार याची कुणाला काळजी नव्हती. लोक बारीकसारीक गोष्टींत चुका काढायला आले होते. देवी पडद्यावर आली तसा अर्ध्या थेटरातून "उदो उदो" झाला आणि उरलेल्या अर्ध्यातून "साडी काठाची पायजे होती" असं ऐकू आलं.

देवी काही हसेना. नुसती गालात हसायची, त्याला आवाज नाही. अक्का दर वेळी माझ्याकडं बघायच्या. शेवटी एकदा ती हसली. बारीक, गोड, पूजेतली घंटी वाजावी तशी.

अक्कांनी माझा हात धरला. "वैनी, तुमचंच का?"

आता खरं सांगायचं तर ते हसू माझं नव्हतं, हे थेटरातल्या खुर्च्यांनासुद्धा कळलं असतं. पण पलीकडून दहा माना माझ्याकडं वळलेल्या होत्या.

"व्हय," मी म्हणाले. "मशीनमधनं जरा बारीक केलंय."

दोन मिनिटंसुद्धा गेली नाहीत. पडद्यावर असुराचा महाल आला. आत एक अवाढव्य बाई पाय पसरून बसलेली, गळ्यात हाडांच्या माळा, केस छपरापर्यंत. असुराची आई. लेकानं तिला काहीतरी सांगितलं, तिनं मान मागं टाकली आणि हसली. खालून वर चढत गेली आणि शेवटी, घुर्रर्र.

पुढची पोरं किंचाळली. आमच्या रांगेतल्या माना पुन्हा माझ्याकडं वळल्या. मग अक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हे मशीनमधनं काढल्यालं दिसत न्हाय."

मध्यंतरात मी तोंड लपवायला वडापावच्या रांगेत उभी राहिले, तर तिथंही तीच चर्चा. कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "पोथीत असुराला आईच न्हाय. ह्यांनी कुठनं आणली?"

त्यांच्या मागं अक्का होत्या. माझ्यावर चिडलेल्या होत्याच, तो राग आयता बाहेर पडला. "आई न्हाय म्हंजे? आभाळातनं पडला व्हय? तुमच्या पोथीत लिव्हली नसंल तिला. लिवणारा बाप्या असणार."

गृहस्थांनी वडा घेतला आणि चटणी न घेताच गेले. माझ्याकडं वळून अक्का म्हणाल्या, "तुमचं माझं नंतर बघू. देवीच्या पिक्चरमध्ये खोटं बोललासा."

उत्तरार्ध मी साडीचा पदर तोंडात धरून काढला. लढाई मोठी झाली. असुर पडला. त्याची आई हसायची थांबली, धावत आली, आणि थेटरात कुणीतरी नाक ओढलं. माझ्या शेजारीच. असुरानं हात जोडून वर मागितला. देवी विचारात पडली. संगीत थांबलं. देवी बघतेय, असुर बघतोय, आम्ही सगळे श्वास धरून बसलोय, आणि मागून एक माणूस कळवळून ओरडला, "द्या की आता! आमची आधार कार्डं तशीच छापल्यात!"

सगळं थेटर हसलं. मी पदर सोडला. मला हसू आलं ते आवरण्यासारखं नव्हतंच. बाकीच्यांचं हसणं ओसरलं तरी माझं वर चढत होतं, आणि शेवटचा घुर्रर्र पूर्ण शांततेत निघाला.

पुढच्या रांगेतली पाच-सहा वर्षांची एक मुलगी खुर्चीवर उभी राहिली आणि माझ्याकडं बोट करून ओरडली, "आई! ती हितंच बसलिया!"

मग पडद्याकडं कोण बघतंय? देवीनं वर दिला तो निम्म्या लोकांनी ऐकलाच नाही. लोक माना वळवून, मोबाईलची बॅटरी लावून असुराची आई शोधत होते. दिवे लागले तसा माझ्याभोवती घोळका जमला. एक पोरगा म्हणाला, "एकदा हसून दाखवा की." त्याच्या आईनं त्याला मागं ओढलं आणि स्वतः पुढं येऊन उभी राहिली.

ती मुलगी मात्र लांबच होती. तिनं बराच वेळ माझ्या हातांकडं, पायांकडं, केसांकडं बघून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमचा मुलगा मेला आणि तुम्ही हसताय?"

पोरगी चिडली होती आणि तिचं बरोबर होतं. मी खाली वाकले आणि म्हणाले, "अगं, रडून झालं माझं. आता त्याचं नाव गावाला मिळालं न्हवं का? म्हणून हसलो."

तिनं विचार केला. तिला ते पटलं असावं, कारण तिनं हातातल्या पिशवीतली एक लाही मला दिली. एकच.

घरी येताना अक्का दोन पावलं पुढंच चालत होत्या. मी दोनदा विषय काढून बघितला. कोपऱ्यावर निरोप घेताना म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. मला वाटलं देवीच असणार."

"देवीचं हसू काय, कुणाचं बी बसतंय," अक्का म्हणाल्या. "त्या असुराच्या आईला रडताना बघून मी रडलो. माझ्या जन्मात राक्षसासाठी रडलो न्हवतो मी. ते तुमच्यामुळं झालं, त्याचा राग हाय मला." आणि घरात गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांची नणंद जयसिंगपूरहून आली. अक्कांनी दारात येऊन हाक मारली, "वैनी, चला, तीनचा खेळ हाय. हिला दाखवायचंय."

"पिक्चर?"

"पिक्चर बी."

थेटरात त्यांनी मला मधोमध बसवलं, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला नणंद. असुराचा महाल आला तशी अक्कांनी माझ्या पुढून वाकून नणंदेला कोपरानं ढोसलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता ऐक. हे आमच्यातलं हाय."

पडद्यावरची बाई मान मागं टाकून हसली. नणंदेनं शेवटच्या घुर्रर्रपर्यंत नीट ऐकून घेतलं, माझ्याकडं एकदा बघितलं, मांडीवरची पर्स उचलली आणि एक खुर्ची सोडून पलीकडं जाऊन बसली.