तासामावशीचं नाक

आमच्या गावात कुणाकडेही व्होडका गाळायची म्हणजे आधी तासामावशीला बोलावणं जायचं. राय या धान्याचं आंबवण चुलीवर चढलं की ती नळीशी स्टूल टाकून बसायची, पडणारे थेंब तळहातावर चोळून हुंगायची आणि म्हणायची, “थांब. अजून विष उतरतंय.” तेवढं फेकायचं. माझा जीव तुटायचा.

“मावशी, पहिल्या धारेची आहे हो!”

“गुडघ्यांना चोळ, अर्सेनी. पोटात घातलीस तर तुझ्या लीदाला विधवेचा काळा रुमाल बांधावा लागेल.”

तिचा भाऊ कुणाच्या तरी अशाच घाईच्या दारूनं गेला होता. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नळीवर तिचा पहारा. मोबदला, खारवलेल्या काकड्यांची एक बरणी. बर्चच्या लाकडाच्या कोळशातून गाळणं तुमचं तुम्ही; पण ब्लॅककरंटच्या झुडपाच्या कळ्या व्होडकेत किती दिवस मुरवायच्या, रोवनच्या झाडाची तुरट फळं थंडीचा पहिला कडाका खाऊन गोड झालीत की नाहीत, हे तीच ठरवणार. माझ्या लिंबाच्या सालीच्या व्होडकेला ती ‘फरशी पुसायचं पाणी’ म्हणायची. तेही चारचौघांत.

गेल्या हिवाळ्यात ती महिनाभर तापानं पडून होती. एप्रिलात मी चूल पेटवली, तेव्हा येऊन नेहमीसारखी नळीशी बसली. मी सरपण आणायला गेलो. परततो तो फाटकापासूनच करपट वास! लीदा, माझी बायको, गोठ्यातून धावत आली. आंबवण बुडाला लागलं होतं, घरात उभं राहवेना. आणि मावशी नळीला नाक लावून शांत बसलेली.

“थांब,” ती म्हणाली. “अजून उतरतंय.”

मग तिनं आमचे चेहरे पाहिले, भांड्याकडे पाहिलं आणि ॲप्रनला हात पुसले.

“कधीपासून?” लीदानं विचारलं.

“तापापासून. म्हटलं, प्रोखोर गेला तो काही आला नाही, हे नाक तरी परत येईल.”

प्रोखोर तिचा नवरा. त्यानं शेवटच्या वसंतात ब्लॅककरंटच्या कळ्या घालून ठेवलेली व्होडकेची बाटली तिनं नऊ वर्षं जपली होती. प्यायची नाही. दरवर्षी कळ्या फुटल्या की बूच काढून एकदा हुंगायची, बस्स. त्या दिवशी तिनं मला घरी नेऊन ती बाटली हातात दिली.

“यंदा काही येत नाही. माझं नाक गेलंय, की बाटलीतलाच वास गेलाय? सांग. खोटं बोलू नकोस.”

मी हुंगलं. बूच वाळून चिरलं होतं. आत जुनाट बुचाचाच वास. कळ्यांचा वास केव्हाच उडून गेला होता.

“आहेत की कळ्या,” मी म्हणालो. “ओल्या. आणि थोडा लाकडाचा भुसासुद्धा.” प्रोखोर सुतार होता.

“तंबाखू नाही येत?”

“येतो ना. तंबाखूही येतो.”

तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

“प्रोखोरनं उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, अर्सेनी.”

तिनं फडताळातून दोन पेले काढले आणि त्याच बाटलीतून काठोकाठ भरले. गेलेल्या माणसासाठी पितात तसे, न भिडवता आम्ही प्यालो. माझ्या लिंबाच्या सालीहूनही वाईट झाली होती.

“कशी आहे?”

“उत्तम, मावशी.”

“असणारच,” ती म्हणाली आणि पेला पुन्हा पुढे केला.