मधल्या नावाची जागा

माझ्या मुलाचं मधलं नाव काय असावं, हा प्रश्न आमच्या घरात निघायलाच नको होता. आपल्याकडे मधलं नाव कोणी निवडत नाही. बापाचं असतं, ते लागतं. पण नव्वदच्या दशकात आम्ही आखातात, फुजैराला राहत होतो. नवरा बंदरावर एका शिपिंगच्या ऑफिसात होता आणि माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या.

बाळ चार दिवसांचं असताना शेजारीण केक घेऊन आली. ती वसईची, ख्रिस्ती, हॉटेलात रिसेप्शनला.

“आमच्यात मधलं नाव आपण ठरवतो, मावशी,” ती सासूबाईंना म्हणाली. “आजोबांचं, नाहीतर गॉडफादरचं. पहिल्या नावाला शोभलं म्हणजे झालं.”

सासूबाई सावरून बसल्या. “घरातल्या कोणाचंही चालतं?”

“चालतं की.”

पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळलं. सासूबाईंचा थोरला मुलगा एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला होता. धाकट्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण व्हावं म्हणून त्याने शाळा सोडून दुकानात नोकरी धरली होती. संध्याकाळी नवरा घरात पाऊल टाकतो तोच त्या म्हणाल्या, “मधलं नाव दादाचं घाल. कुठेतरी राहील त्याचं नाव.”

नवऱ्याला नाही म्हणवेना. त्यातून पंचाईत अशी की ते शोभतही होतं. नवऱ्याचं नाव लांबलचक, देवाचं. भावाचं दोन अक्षरी, बाळाच्या नावामागे चटकन बसणारं. मायलेक पुन्हा पुन्हा पूर्ण नाव म्हणून बघायला लागले.

“अहो, उद्या हा देशात शाळेत गेला तर?” मी म्हटलं. “तिथे मधलं नाव म्हणजे बाप. जन्मभर सांगत बसेल, हे माझे काका, बाबा वेगळे.”

“सांगेल. त्यात लाज कसली?”

“लाज नाही, ताप आहे.”

सासूबाई रडायला लागल्या. मी विषय सोडला. मुलगा गमावलेल्या बाईशी वाद घालून जिंकता येत नाही, आणि जिंकून करायचं तरी काय? पण झोप उडाली ती उडालीच.

आठव्या दिवशी जन्माच्या दाखल्यासाठी गेलो. बाळंतिणीने घरी थांबावं असं सासूबाईंचं म्हणणं होतं. मी गेलेच. फॉर्म नवऱ्याने भरून ठेवला होता. काउंटरवरचा पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला वयस्कर अरब सफाईने हिंदी बोलत होता.

“दूसरा नाम बाप का?”

“नहीं, बड़े भाई का.”

“फिर बाप कौन?”

“मैं.”

त्याने पेन खाली ठेवलं. “हमारे में पहला बच्चे का, दूसरा बाप का, तीसरा दादा का. तुम लोग भी बाप का लिखता है, मैं रोज देखता है.” मग चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत म्हणाला, “हबीबी, तुम तो जिंदा है.”

नवरा हसला. मग हसायचा थांबला. जरा वेळाने त्याने नवा फॉर्म मागितला. त्याचा विचार फिरायच्या आत मी पर्समधून पेन काढून दिलं.

आईंना कोण सांगणार, यावर गाडीत आमचं भांडण झालं. शेवटी त्यानेच सांगितलं, अरबाच्या वाक्यासकट. सासूबाई बराच वेळ बाळाला थोपटत राहिल्या.

“खरं बोलला मेला,” त्या म्हणाल्या. “असलेल्याचं नाव काढून गेलेल्याचं लिहायला निघाले होते मी.” मग माझ्याकडे वळून, “पाळण्यात किती नावं ठेवायची, ते तर सरकार विचारत नाही ना?”

“नाही, आई. हवी तेवढी ठेवा.”

बाराव्या दिवशी बारसं केलं. आत्या देशात, म्हणून नाव ठेवायला सासूबाईच बसल्या. पाळणा खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंचा. बाळाच्या कानात त्यांनी आधी कुलदैवताचं नाव सांगितलं, मग दाखल्यावरचं. तिसरं इतकं हळू, की पाळण्याला टेकलेल्या मलाही ऐकू आलं नाही. मग “कुर्र” केलं, तशी वसईच्या शेजारणीने रिवाज समजून घेऊन त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की त्या कळवळल्या.

“खलास!” सासूबाई पाठ चोळत म्हणाल्या. तेवढा एकच अरबी शब्द त्या शिकल्या होत्या.

बायका गेल्यावर मी दाखला पुन्हा एकदा वाचला, फाइलला लावला आणि आडवी झाले. बाळाला सासूबाईंनी घेतलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी सलग तीन तास झोपले.