तीन कोंबड्यांची केस

आमची आई आणि काकू, दोघी जावा, रोज दुपारी भांडी आवरली की काकूच्या टीव्हीसमोर बसायच्या. बघायच्या काय, तर कधीच न सापडलेले खुनी. कुठल्यातरी लांबच्या देशातला, नदीकाठी एकामागून एक माणसं मारून पोलिसांना गुंगारा देणारा. निवेदक घोगऱ्या आवाजात बोलायला लागला की दोघी एकमेकींना चिकटायच्या. भजनाला त्या इतकं मन लावून बसलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोंबड्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. तिसरी गेली आणि आईच्या अंगात इन्स्पेक्टर शिरला. अंगणापलीकडे पेंढ्याची उडवी रचली होती. तिच्या बुडाशी तिसरीची तांबडी पिसं पडलेली, आणि शेजारीच काकूचा काळा कुत्रा पाय ताणून झोपलेला.

"मुंगूस असेल," मी म्हटलं. पण मला कोण विचारतो! आई तडक काकूच्या ओटीवर.

"तुजाच कुत्रा हाय. खुनी वळखीचाच असतो, तो टीव्हीवाला रोज सांगतो नाय?"

काकूने कुत्र्याला जवळ ओढलं. "पोरासारका हाय तो माजा," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

झालं! मधे एकच भिंत आणि दोन्हीकडे अबोला. दुपारी तांदूळ निवडायच्या निमित्ताने आई त्या भिंतीला कान लावून बसायची. पलीकडून काही ऐकू येत नसे. "मुद्दाम बारीक आवाजात बगते," ती फणकारायची. जेवणावरचं लक्षही उडालं होतं तिचं. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

एका सकाळी म्हशीसाठी पेंढा ओढायला गेलो, तर उडवीच्या पोटातून तांबडी कोंबडी पिसं फुगवून माझ्या अंगावर आली. खुडूक कोंबडीला आम्ही टोपलीत अंड्यांवर बसवतो. ही बया परस्पर इथे बसली होती आणि छातीची पिसं तिने स्वतःच उपटली होती. खून झालेली कोंबडी पिल्लांचं लटांबर घेऊन बाहेर पडली. पिल्लं कुत्र्याच्या शेपटीवरून चालत गेली तरी आरोपीने डोळा उघडला नाही. आणि त्यातल्या निम्म्या पिल्लांच्या माना उघड्या, बिनपिसांच्या! तसा उघड्या मानेचा कोंबडा आमच्या पाड्यात एकच, काकूचा.

बाकी दोन कोंबड्यांचा तपास अजून लागलेला नाही.

आईने पिल्लं टोपलीत घातली आणि काकूचं दार वाजवलं. "उघड गो. आपण विहिणी झालो."

काकूने माना पाहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"चुकला माजा," आई म्हणाली. मग काही केल्या राहवेना म्हणून विचारलंच, "तो नदीकाठचा खुनी... त्याचा पुढं काय झाला?"

"मला काय ठाव, बाय?" काकू म्हणाली. "टीव्ही लावलाच नाय मी. एकटीला भ्या वाटतं."